मदत हवी आहे : दुसऱ्या बॅचसाठी कोणतं बिअर किट घेऊ?

नमस्कार मंडळी, मी मेलबर्नला असतो. घरी बिअर करायला नुकतीच सुरुवात केलीय. पहिली बॅच लागरच्या (थंडाव्यात आंबवतात त्या हलक्या बिअरच्या) किटची, २३ लिटर. डब्यातल्या माल्टच्या (मोड आणलेल्या बार्लीच्या) अर्कात एक किलो साधी साखर घातली. फेस छान आला, पण चव पाणचट, जिभेवर टिकतच नाही. साखर जवळपास सगळी आंबून जाते आणि बिअर पातळ होते, हे नंतर कळलं. पुढच्या वेळी माल्ट पावडरच घालणार.

आता कूपर्स कंपनीचं स्टाउट (गडद, काळसर बिअर) घ्यावं की ऑस्ट्रेलियन पेल एल (फिकट रंगाची)? माझी ओढ स्टाउटकडे, तो कॉफीसारखा करपट कडवटपणा मला फार आवडतो. गडद बिअरमध्ये नवशिक्याच्या बारीकसारीक चुका झाकल्या जातात म्हणतात, खरं का?

खरी अडचण थंडीची. गॅरेजमध्ये सध्या १३-१४ अंश असतं आणि एलच्या यीस्टला (स्टाउटही एलच) साधारण १८ ते २२ हवं. मागच्या वेळी फर्मेंटरला (बिअर आंबवायच्या पिंपाला) आईनं शिवलेली गोधडी गुंडाळली होती, तरी पहाटे पारा उतरायचाच. हीट बेल्ट (पिंपाला गुंडाळायचा विजेचा गरम पट्टा) घेऊ, की थंडीत चालणारं लागरचं यीस्ट वेगळं आणून पुन्हा लागरच करू? ज्यांनी हिवाळ्यात केलीय त्यांनी जरूर सांगा, शनिवारी किट आणायला जाणार आहे.