मदत हवी आहे: उद्या दिवसभर पाऊस, आईबाबांना कुठे नेऊ?

सरीवरसर
उद्या सकाळपासून रात्रीपर्यंत पाऊस दाखवतोय. बेत सगळा बाहेरचा होता, नदीतली बोट आणि बाग. दोन्ही रद्द केलं. छपराखाली बघण्यासारखं काय आहे ते पटकन सांगा. नेटवर पंचवीस नावं मिळाली, त्यातलं काय निवडू तेच कळत नाहीये. परवा आईबाबांचं परतीचं विमान आहे, त्यामुळे हा एकच दिवस हातात आहे. प्लीज लवकर.

टिंबटिंब
शहर कुठलं?

निळावंती
शहराचं नाव, आईबाबांची वयं, चालण्याची किती सवय आहे आणि राहायला कुठे आहात, एवढं लिहा. त्याशिवाय काय सांगणार?

रुळावरून
बोट आणि बाग म्हणजे लंडन असणार असं धरून लिहितो. मेल रेल! पोस्टाची पत्रं नेणारी छोटी भुयारी रेल्वे. १९२७ ते २००३ चालली, २०१७ पासून प्रवाशांना फिरवतात. जमिनीखाली असल्यामुळे पावसाचा थेंबही लागत नाही. मी तीनदा गेलोय. दुसरं काही शोधूच नका.

सरीवरसर
हो, लंडनच. मागच्या महिन्यात आईबाबा येणार म्हणून धागा काढला होता, त्यात लिहिलं होतं. वयं ७१ आणि ६६.

शंखशिंपले
मग नॅचरल हिस्टरी म्युझियमला पर्याय नाही. मुख्य दालनात निळ्या देवमाशाचा २५ मीटरचा सांगाडा टांगलाय. १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलेला देवमासा. खाली उभं राहून वर बघितलं की माणूस गप्प होतो. इमारत १८८१ ची, खांबाखांबावर प्राणी कोरलेत. तिकीट नाही. शेजारीच सायन्स म्युझियम आणि समोर व्ही अँड ए, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. साऊथ केन्सिंग्टन स्टेशनातून भुयारी रस्ता थेट संग्रहालयांपर्यंत जातो, छत्री उघडावी लागत नाही. एकाच दिवसात तिन्ही होतात.

निळावंती
तिन्ही होत नाहीत. केली तर एकही बघून होत नाही. माझ्या सासूबाईंना आम्ही असंच एका दिवसात तीन ठिकाणी फिरवलं होतं. संध्याकाळी त्यांना आठवत होती ती फक्त रांग आणि ओले बूट. ते अजून मला लागून राहिलंय. ७१ वर्षांच्या माणसाला बसायला जागा लागते, स्वच्छतागृह जवळ लागतं आणि तासाभराने कंटाळा येतो. एक जागा, फार तर दोन, त्याही जवळजवळच्या.

शंखशिंपले
आमच्या घरच्यांनी केली आहेत तिन्ही. माणसामाणसात फरक असतो.

वाटाड्या६
ब्रिटिश म्युझियम का नाही कोणी सुचवत? २००० साली मधल्या चौकावर काचेचं छप्पर घातलं, त्यात ३,३१२ काचा आहेत आणि म्हणे एकसारख्या दोन नाहीत. त्यावर पाऊस पडताना आत बसून ऐकायचा. शिवाय आपली आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं तिथेच आहेत. ती बघताना बरं वाटतं आणि वाईटही.

टिंबटिंब
पण बॅगा तपासायची रांग बाहेर उघड्यावर असते. आम्ही चाळीस मिनिटं भिजलो. जायचंच असेल तर वेळेचं मोफत तिकीट आधी काढा आणि मागचं, माँटेग्यू प्लेसचं दार बघा.

प्रवासी पक्षी
लंडन म्युझियमला जा, शहराचा सगळा इतिहास एका जागी मिळतो. बार्बिकन स्टेशनला उतरा.

निळावंती
ते डिसेंबर २०२२ मध्येच बंद झालं, नव्या जागेत हलवताहेत. जुन्या आठवणीवरून पत्ता देऊ नका, लोक पावसात जाऊन उभे राहतात.

कोवळंऊन
विषय निघालाच आहे म्हणून विचारते, व्ही अँड ए मध्ये वाघनखं बघायला मिळतील का?

वाटाड्या६
नाही. जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणली, आधी साताऱ्याला ठेवली होती.

प्रवासी पक्षी
ती महाराजांचीच आहेत याला पुरावा काय? स्वतः संग्रहालयही खात्रीने सांगत नाही.

वाटाड्या६
पुरावा नाही हे खरं, पण वाघनखांच्या डबीवरच्या मजकुराप्रमाणे ती कंपनीचा साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला पेशव्यांच्या प्रधानाने दिली. एवढा धागा तरी आहे की नाही?

प्रवासी पक्षी
डबी नंतर स्कॉटलंडात केली. नंतर लिहिलेल्या मजकुराला पुरावा म्हणायचं का?

टिंबटिंब
दोघांनी वेगळा धागा काढा. उद्या जायचंय त्यांना.

सरीवरसर
अरे, मुख्य सांगायचं राहिलं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय जानेवारीत. सपाटीवर बरे चालतात, जिने नकोत. सरकता जिनाही नको, घाबरतात. आम्ही किंग्ज क्रॉसच्या जवळ राहतो.

निळावंती
हे पहिल्या ओळीत हवं होतं! साऊथ केन्सिंग्टनचा भुयारी रस्ता कोरडा आहे, पण फलाटावरून वर येताना पायऱ्या आहेत. तो बेत गेला.

रुळावरून
मेल रेलला फार चालावं लागत नाही, पंधरा मिनिटं बसूनच असतं.

निळावंती
डबा बघितलाय ना तुम्ही? पत्रांच्या पोत्यांसाठी केलेली गाडी ती. वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं, आणि गाडी अडली तर बोगद्यातून चालत बाहेर यायची तयारी हवी असं तेच लोक सांगतात. ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन?

रुळावरून
बरोबर आहे. गुडघ्याचं माहीत नव्हतं. मला ती गाडी इतकी आवडते की सगळ्यांनी बसावं असं वाटतं.

घडीचा चष्मा
मी तिथे सात वर्षं राहिलोय. उत्तर तुमच्या दारात आहे. सेंट पँक्रस स्टेशन आणि शेजारी ब्रिटिश लायब्ररी. दोन्हीकडे लिफ्ट. बाबा काय करायचे नोकरीत?

सरीवरसर
रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, ३४ वर्षं. का?

घडीचा चष्मा
मग आधी स्टेशनच. युरोस्टारच्या, म्हणजे पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या, फलाटांवरचं छप्पर बघा, वरच्या मजल्यावरून तिकिटाशिवाय दिसतं. १८६८ चं, बार्लो नावाच्या इंजिनिअरचं. रुंदी २४० फूट आणि मध्ये एकही खांब नाही. बांधलं तेव्हा जगात एवढं मोठं एकसंध छप्पर दुसरं नव्हतं. कमानीचा बाहेर ढकलणारा जोर फलाटाखालच्या लोखंडी तुळयांनी बांधून धरलाय, म्हणजे फलाटाचा तळच ताण घेतो. तुळयांखालच्या तळघरात बर्टन गावाहून आलेली बिअरची पिंपं ठेवायचे, म्हणून तिथल्या खांबांमधलं अंतर पिंपांच्या मापाने ठरवलं. आता त्याच तळघरात दुकानं आहेत. फिटर माणसाला हे तुम्ही सांगू नका, त्यांना वर बघू द्या, ते स्वतःच विचारतील.

मग लायब्ररी. रस्त्याने पाच मिनिटं, तेवढी एक छत्री लागेल. ट्रेझर्स गॅलरी मोफत आहे. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे इंग्लंडच्या राजाने दिलेल्या सनदेच्या, ज्या चार प्रती उरल्यात त्यातल्या दोन या लायब्ररीकडे आहेत. दालन लहान आहे, अंधारं आहे आणि दमवत नाही. मधोमध काचेचा सहा मजली मनोरा, त्यात तिसऱ्या जॉर्ज राजाची ६० हजारांहून जास्त पुस्तकं. मनोऱ्याभोवती खुर्च्या आहेत, तासभर बसलात तरी कोणी उठवत नाही.

शंखशिंपले
आणि आईंना काय आवडतं हे कोणीच विचारलं नाही. सगळं बाबांच्याच सोयीने चाललंय.

सरीवरसर
खरंय, मीही नाही लिहिलं. आई भरतकाम करते, पूर्वी मागावर आसनं विणायची. संग्रहालयात फार रमत नाही, दगड बघून काय करू म्हणते.

शंखशिंपले
मग मी माझं देवमाशाचं मागे घेते. व्ही अँड ए मध्ये अर्दबिलचा गालिचा दाखवा. इराणातला, हिजरी ९४६ म्हणजे इसवी सन १५३९-४० चा सुमार, आणि ते साल गालिच्यातच विणलंय. साडेदहा मीटर लांब. रंग उडू नयेत म्हणून एरवी मंद उजेड असतो, दर तासाला आणि अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं दिवे लावतात. वेळ साधून जा. ट्यूब रेल्वे सोडा, टॅक्सी करा. व्हीलचेअर तिथे मिळते, आज फोन करून ठेवा.

निळावंती
दोनच जागा, मध्ये भरपूर बसणं. हे पटलं.

वाऱ्यावरची वरात
तिथे छत्री टिकत नाही, वारा फार. टोपीचा रेनकोट घ्या. आणि विमानात गुडघ्यासाठी आयलची सीट आत्ताच मागून ठेवा, चेक-इन सुरू झालं की संपतात.

सरीवरसर
सगळ्यांचे आभार. काल गेलो होतो, आईबाबा आत्ता विमानात आहेत.

बाबा छपराखाली पाऊण तास उभे होते. मी बसा म्हटलं तर बसले आणि मान वर करून पुन्हा तेच. मग मला विचारलं, "खांब नाहीत, मग जोर जातो कुठे?" मी मुद्दाम सांगितलं नाही. लायब्ररीत खुर्चीत बसल्यावर त्यांनी पावतीच्या मागे कमान काढली, खाली आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "खालून बांधलं असणार." 

पाऊस शेवटपर्यंत थांबला नाही. टॅक्सीने व्ही अँड ए ला पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. गालिच्यापाशी अंधार होता, आई म्हणाली, "हे काय दिसणार?" साडेचारला दिवे लागले. ती काचेला नाक लावून बोटांनी हवेतच गाठी मोजत होती, दर बोटाला किती. दिवे मंद झाल्यावर म्हणाली, "पाच वाजेपर्यंत थांबू या."

थांबलो.