ट्रोपोनिन नॉर्मल, तरी पुन्हा रक्त का घेतलं?

प्रश्न: बाबांच्या छातीत जड वाटत होतं म्हणून कॅज्युअल्टीत नेलं. ईसीजी ठीक, हाय-सेन्सिटिव्ह ट्रोपोनिन टी ९. तरी तासाभराने पुन्हा सुई टोचली. गरज होती का?

उत्तर (मी लॅबमध्ये आहे): होतीच. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातलं ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात उतरतं, पण लगेच नाही. दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर पहिल्या आकड्यावर विसंबू नये. ही टेस्ट लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजते, नॉर्मलची वरची सीमा १४. त्यामुळे ९ चे १५ झाले तर तासाभरातच कळतं. जुन्या टेस्टला सहा-सहा तास थांबावं लागायचं. रिपोर्ट सोडताना मी आधी दोन आकड्यांतला फरक बघते.

प्रश्नकर्ता: दुसरं १० आलं. पण शेजारच्या काकांचं कायम ३० च्या आसपास असतं म्हणे!

उत्तर: किडनीचा जुना आजार असला की आकडा असा चढलेला, पण स्थिर राहू शकतो.

दुसरं उत्तर: बाबा केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेतात का? घेत असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा. मोठ्या डोसने काही किटमध्ये ट्रोपोनिन खोटंच कमी दिसतं.

प्रश्नकर्ता: घेतात! आत्ताच फोन करतो.