शब्दचर्चा: शिस्त, शिक्षा आणि 'गंभीर दखल'

पागोळी:
शाळेत किंवा वसतिगृहात मुलाला मारल्याची चित्रफीत पसरली की दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत तेच शब्द येतात: 'शिस्तीच्या नावाखाली अमानुष शिक्षा', 'संतापाची लाट', 'प्रशासनाने घेतली गंभीर दखल', 'निलंबनाची शिक्षा', 'समज देऊन सोडले'. यातल्या बहुतेक शब्दांना कचेरीत एक नेमका अर्थ आहे आणि बोलण्यात दुसराच. वाचणाऱ्याला वाटतं कारवाई झाली, आणि प्रत्यक्षात ती सुरूही झालेली नसते. एकेक शब्द घेऊ या. आधी 'शिस्त' आणि 'शिक्षा'. या दोन्हींत मुळात मार आहे का?

ओळंबा:
नाही. 'शिस्त' फारसीतून आला, मूळ अर्थ नेम. बंदुकीची शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. नेमावरून सरळ रेषा, रेषेवरून रांग, व्यवस्था, टापटीप असा अर्थ सरकत गेला. क्रियापदही पाहा. आपण शिस्त 'लावतो', जशी सवय लावतो, वळण लावतो, वाचनाची गोडी लावतो. या सगळ्या रोज थोड्या थोड्या करायच्या गोष्टी. एका दुपारी छडीने जे होतं त्याला मराठीत 'अद्दल घडवणे' असा वेगळा वाक्प्रयोग आहेच. तोही मुळात अरबी 'अद्ल', म्हणजे न्याय.

मार खरोखर मुळात असलेला शब्द म्हणजे 'जरब'. अरबीत त्याचा अर्थच आघात. टाकसाळीत नाण्यावर ठसा मारतात तोही जर्बच. 'वर्गावर जरब हवी' असं सहज म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावं. 'वचक' वेगळा. नियम मोडला तर काय होईल हे आधी माहीत असल्याने वचक बसतो, त्याला हात उचलावा लागत नाही.

दौत:
'शिक्षा' संस्कृत शिक्ष् धातूवरून, अर्थ शिकणे. उच्चारशास्त्राच्या वेदांगाचं नावही शिक्षा. हिंदीने तो अर्थ ठेवला, मराठीने 'शिक्षण' वेगळं काढलं आणि 'शिक्षा' दंडासाठी राखली. त्यामुळे भाषांतरात घोटाळा होतो. हिंदी परिपत्रकातली 'शारीरिक शिक्षा' म्हणजे कवायत, खेळ, व्यायाम. मराठीत तेच दोन शब्द म्हणजे छडी. हिंदीत छडीला 'शारीरिक दंड' म्हणतात, पण मराठीत 'दंड' म्हटलं की माणूस पावती शोधतो. हिंदी कागद समोर ठेवून मराठी सूचना लिहिणाऱ्यांनी ही जोडी दोनदा तपासावी.

'शासन' तर आणखी गुंतलेला. शास् या एका धातूतून शास्त्र, शासन, अनुशासन आणि शिष्यही आला. शिकवणं, राज्य करणं आणि दंड देणं तिन्ही एकाच मुळाशी. आजच्या कायद्याने ही गाठ मुलांपुरती सोडवली आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, कलम १७: बालकाला शारीरिक शिक्षा करायची नाही, मानसिक छळही करायचा नाही. उल्लंघन करणारा त्याच्या सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र. म्हणजे मुलाला मारणारा शिक्षक कागदोपत्री शिस्त लावत नसतो, शिस्तभंग करत असतो. 'शिस्तीच्या नावाखाली' लिहिणाऱ्याने हे कलम एकदा वाचावं.

पागोळी:
आणि मारासाठीचे शब्द? बातमीत 'बेदम मारहाण' किंवा 'किरकोळ शिक्षा', मधलं काही नाहीच.

रेघ:
मराठीत मधलं भरपूर आहे आणि जबाब लिहिताना तेच उपयोगी पडतं. चापट उघड्या तळव्याची. धपाटा पाठीत. रट्टा त्याहून जोराचा. गुद्दा मुठीचा. थोबाडीत गालावर, पण कानशिलात कानाजवळ, आणि तिथे कानाचा पडदा फाटू शकतो. म्हणून फिर्यादीत नुसतं 'मारले' लिहू नये. कशाने (हात, पट्टी, पट्टा, वायर), कुठे, किती वेळा आणि कोणासमोर हे चार तपशील हवेत. 'चोप दिला', 'प्रसाद दिला' हे तर लिहूच नये. हे शब्द ऐकणाऱ्याला हसवतात आणि मुलाचं दुखणं झाकतात.

खुणांचे शब्दही वेगळे. वळ म्हणजे छडीची किंवा बोटांची उठलेली रेघ. बोटांचे वळ काही तासांतच फिके पडू शकतात, म्हणून तपासणी त्याच दिवशी, सरकारी दवाखान्यात. काळंनिळं पडतं ते आत रक्त साकळल्याने, आणि बरेचदा दुसऱ्या दिवशी जास्त दिसतं. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही म्हणून विषय सोडू नये. व्रण म्हणजे जखम भरल्यावर राहिलेली खूण. आणि 'मुका मार' हा मराठीचा फार अचूक शब्द आहे: वर जखम नाही, आत दुखतंय. डॉक्टरांना तो शब्द जसाच्या तसा सांगावा आणि दाबल्यावर कुठे दुखतं ते लिहून घ्यायला सांगावं.

'किरकोळ' म्हणून सोडल्या जाणाऱ्या शिक्षांचंही सांगते. अंगठे धरून उभं करणं, ओणवं ठेवणं, कोंबडा करणं, उठाबशा. यांत कोणी हात लावलेला नसतो, म्हणून 'मारलं कुठे?' असा प्रश्न येतो. पण सवय नसलेल्या मुलाला शंभर-दोनशे उठाबशा काढायला लावल्या तर मांडीच्या स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरू शकतं. मूत्रपिंडावर ताण येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सुजतात, जिना उतरवत नाही, लघवी गडद चहासारखी होते. लघवीचा रंग बदलला तर त्याच दिवशी दवाखाना, थांबायचं नाही. इथे नोंदवायचे शब्द: किती उठाबशा, उन्हात की सावलीत, पाणी दिलं का.

पागोळी:
आता 'दखल'. मला सर्वांत जास्त खटकणारा शब्द हाच.

ओळंबा:
बोलण्यात दखल घेणे म्हणजे लक्ष देणे. पोलिसांच्या भाषेत दखलपात्र आणि अदखलपात्र ही गुन्ह्यांची वर्गवारी आहे, तिचा कोणी किती लक्ष दिलं याच्याशी संबंध नाही. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक आणि न्यायालयाला न विचारता तपास करू शकतात. अदखलपात्र असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. साधी दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड किंवा दात मोडला की ती 'जबर दुखापत' होते, कलम ११७, आणि चित्र पालटतं. म्हणून रेघ म्हणतात ते तपशील फिर्यादीत लागतात. 'घटनेची गंभीर दखल' आणि 'अदखलपात्र गुन्ह्याची नोंद' ही दोन वाक्यं एकाच बातमीत शेजारी येऊ शकतात आणि दोन्ही खरी असतात!

'समज देऊन सोडले' याचंही तसंच. लोकांना वाटतं मारणाऱ्याला दरडावलं. पण अदखलपात्र नोंदीच्या कागदावर बहुधा लिहिलेलं असतं की फिर्यादीस न्यायालयात दाद मागण्याची समज दिली. म्हणजे समज मिळाली आईवडिलांना, आणि तिचा अर्थ: आम्ही तपास करणार नाही, तुम्ही कोर्टात जा. कागद हातात घेतल्यावर समज कोणाला दिली ते आधी वाचावं.

दौत:
आयोगाची दखल तिसऱ्या जातीची. बालहक्क संरक्षण आयोग अधिनियम, २००५ प्रमाणे राष्ट्रीय आणि राज्य आयोगाला तक्रार नसतानाही स्वतःहून दखल घेता येते, चौकशीत साक्षीदाराला बोलावता येतं, कागद मागवता येतात. पण आयोग शिक्षा देत नाही, शिफारस करतो. 'आयोगाने दोषी ठरवले' हे वाक्य चूक. 'आयोगाने कारवाईची शिफारस केली' बरोबर.

आणि 'निलंबनाची शिक्षा' हा प्रयोग तर बंदच व्हावा. निलंबन ही शिक्षाच नाही. चौकशी होईपर्यंत माणसाला कामापासून दूर ठेवणं, एवढंच. त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ आहेत, त्यांत निलंबन वेगळ्या नियमात आणि शिक्षांची यादी वेगळ्या नियमात. यादीत सर्वांत खाली 'ठपका ठेवणे' आणि सर्वांत वर दोन शब्द, जे बातमीत एकच समजले जातात: 'सेवेतून काढून टाकणे' आणि 'बडतर्फी'. काढून टाकलेला पुढे शासकीय नोकरीला अपात्र ठरत नाही. बडतर्फ झालेला सर्वसाधारणपणे ठरतो. मुलांच्या जवळ हा माणूस पुन्हा येईल का, हे या एका शब्दावर ठरू शकतं.

रेघ:
खासगी शाळांचा मार्ग वेगळा: १९७७चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ची नियमावली. चौकशी समिती तिघांची: एक व्यवस्थापनाचा, एक त्या कर्मचाऱ्याने सुचवलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. चौकशी सर्वसाधारणपणे १२० दिवसांत संपवायची. नियम डावलून घाईने काढलं तर तो शिक्षक ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करतो आणि कार्यपद्धतीतल्या चुकीवर परत येऊ शकतो. 'आजच्या आज हाकला' ही मागणी समजते, मलाही तसंच वाटतं, पण दोषारोप नीट न लिहिता हाकललं तर शेवटी मुलाचंच नुकसान होतं.

पागोळी:
लाट आठवड्यात ओसरते आणि चौकशी चार महिने चालते. मधल्या काळात विचारायचं काय?

रेघ:
शिक्षणाधिकाऱ्यांकडे माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये, उत्तर ३० दिवसांत अपेक्षित. 'काय कारवाई केली?' विचारू नका, 'कार्यवाही सुरू आहे' एवढंच उत्तर येईल. तारखा विचारा: निलंबनाचा आदेश कधीचा, दोषारोपपत्र कधी बजावलं, समितीची पहिली बैठक कधी, अहवाल कधी सादर झाला. आणि 'खुलासा मागवला' वाचून समाधान मानू नका. खुलासा म्हणजे काय घडलं ते सांगा. 'कारणे दाखवा' म्हणजे तुमच्यावर कारवाई का करू नये ते सांगा. दुसरी पायरी गाठली का, ते पाहायचं.

ओळंबा:
कलमांतली एक नेहमीची चूक. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ८२ थेट शारीरिक शिक्षेबद्दल आहे म्हणून शाळेच्या बातमीतही तेच टाकतात. पण ते बालगृह, निरीक्षणगृह अशा बालकांच्या काळजीच्या संस्थांसाठी आहे: पहिल्या दोषसिद्धीला १०,००० रुपये दंड, पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मुलाचा ताबा किंवा नियंत्रण ज्याच्याकडे आहे त्याने केलेल्या क्रूरतेसाठी कलम ७५, कैद तीन वर्षांपर्यंत.

दौत:
घराबद्दल एक शब्द सांगायलाच हवा, 'सद्भावपूर्वक'. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावपूर्वक केलेल्या कृतीला न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये संरक्षण आहे, आणि मारणारे त्याचा आधार घेतात. पण कायद्यात सद्भाव म्हणजे चांगला हेतू एवढंच नाही. योग्य दक्षता आणि लक्ष याशिवाय केलेली गोष्ट सद्भावपूर्वक नव्हेच. 'त्याच्या भल्यासाठीच मारलं' यात हेतू आहे, दक्षता कुठे आहे? स्वीडनने १९७९ मध्ये घरातली शिक्षाही बंद केली, जगात सर्वांत आधी. आपल्याकडे घरासाठी तशी सरसकट बंदी अजून नाही, म्हणून हा शब्द नीट वाचणं जास्त गरजेचं.

पागोळी:
आता वर दिलेले शब्द टाळून एक नमुना लिहून बघते: 'गृहपाठ न केल्याने सातवीतल्या विद्यार्थ्याला लाकडी पट्टीने मारहाण झाली. पालकांच्या फिर्यादीवरून पोलिसांनी गुन्हा नोंदवला. संबंधित शिक्षकाला चौकशी होईपर्यंत निलंबित करण्यात आले.'

ओळंबा:
मागची दोन वाक्यं चोख. पहिल्यात दोन खोडी. 'न केल्याने' मुळे गृहपाठ माराचं कारण झाला आणि करणारा मुलगा झाला. आणि 'मारहाण झाली' म्हणजे पाऊस झाला तशी, कोणी केली ते गायब. कर्ता पुढे आणा: 'शिक्षकाने लाकडी पट्टीने मारहाण केली'.

रेघ:
'सातवीतल्या' पण काढा. शाळेचं नाव जातं, गावाचं नाव जातं, त्यात इयत्ता आली की गावाला मूल कळतं. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे बालकाची ओळख पटेल असा तपशील द्यायचा नाही, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चित्रफीत पुढे पाठवणाऱ्यांनीही हे कलम वाचावं, चेहरा दिसत असतो.

पागोळी:
दुरुस्त केलं: 'गृहपाठाबद्दल विचारताना शिक्षकाने विद्यार्थ्याला लाकडी पट्टीने मारहाण केली, अशी फिर्याद पालकांनी दिली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. शिक्षकाला चौकशी होईपर्यंत निलंबित करण्यात आले.' आणि खाली चौकट: मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८, चोवीस तास, विनाशुल्क.