“खरेदीच हजाराची आहे”: घासाघीस की फसवणूक?

मूळ मांडणी
गेल्या आठवड्यात नाशिकच्या भद्रकालीत ड्रेसचे कापड घेताना दुकानदाराने साडेबाराशे सांगितले, मी आठशेवर अडले, तेव्हा कापडाची घडी घालता घालता तो म्हणाला, “ताई, खरेदीच हजाराची आहे, भवानीची वेळ म्हणून शंभरच ठेवतो.” बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी लगेच सांगितले की कालच त्यांनी हेच कापड बाराशेला नेले. मी अकराशे मोजले आणि चप्पल घालताना मागे पाहिले, तर ते गृहस्थ गल्ल्यावर बसून सुटे पैसे मोजत होते. दुकानदार व मी एकाच मुस्लिम मोहल्ल्यातले, म्हणून हा प्रश्न फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या अंगाने विचारते.

घासाघीस निषिद्ध नाही. पैगंबरांचे सहकारी जाबिर यांचा उंट त्यांनी भाव ठरवूनच घेतला होता आणि मदिनेला पोहोचल्यावर किंमत देऊन उंटही जाबिर यांना परत केला. मात्र खरेदी न सांगता ठरतो तो सौदा मुसावमा आणि खरेदी सांगून त्यावर नफा लावला की मुराबहा. माझ्या मते आकडा उच्चारला त्या क्षणी दुकानदार विश्वासाच्या सौद्यात शिरला.

प्रतिसाद १
ताई, असहमत आहे. “खरेदीच एवढ्याची आहे” ही बाजाराची बोलण्याची रीत असून गिऱ्हाईकही ती शब्दशः घेत नाही. हनफी मतानुसार (सुन्नी फिक्हच्या चार पंथांपैकी एक) वस्तू महाग पडली एवढ्याने सौदा मोडता येत नाही. त्याला फसवणुकीची जोड लागते. उस्मानी (ऑटोमन) काळातील मजल्ला या कायदेसंहितेने बाजारभावापासूनच्या अवाजवी तफावतीची मर्यादा मालासाठी 5, जनावरांसाठी 10 आणि स्थावरासाठी 20 टक्के ठरवली, पण तिथेही हीच अट आहे. शिवाय आपल्याकडे 1937 च्या शरियत कायद्यात विक्रीचा विषयच नाही. विक्रीला 1930 चा मालविक्री कायदा लागतो. चार दुकाने फिरायचा आळस तुमचा, दोष मात्र त्याचा, हे पटत नाही.

मूळ लेखिका
आळस मान्य. पण फसवणुकीची जोड हवी असे तुम्हीच म्हणता, आणि ती बाकावर बसली होती! घ्यायचे नसताना भाव चढवण्यासाठी गिऱ्हाईक बनणे याला नजश म्हणतात आणि हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, त्याला स्पष्ट मनाई आहे. तुम्ही सांगितलेल्या 1930 च्या कायद्यातही विक्रेत्याने लिलावात खोटी बोली लावली तर खरेदीदाराला सौदा नाकारता येतो. कोर्टात जायचे नाही. कमाई हलाल की नाही, एवढेच विचारते आहे.

प्रतिसाद २
दोघांचेही थोडे चुकते. हनफी मतात नजश मकरूह (नापसंत, टाळावे असे) आहे, पण त्याने सौदा रद्द होत नाही. खरा मुद्दा “शंभरच ठेवतो” या शब्दांत आहे, कारण ते म्हटल्यावर मुसावमाची सबब उरत नाही. खरेदी खोटी सांगितल्याचे सिद्ध झाले, तर हनफी पंथाचे संस्थापक अबू हनीफा यांच्या मते पूर्ण किमतीला ठेवा किंवा परत करा. त्यांचे शिष्य अबू यूसुफ यांच्या मते फुगवलेली रक्कम आणि तिच्या प्रमाणातला नफा वजा होतो. परत करण्याजोगी वस्तू उरली नसेल, तर पहिल्या मतानुसार पूर्ण किंमत द्यावी लागते. त्यामुळे आधी सांगा, कापड शिंप्याकडे गेले का?

मूळ लेखिका
नाही, अजून पिशवीतच आहे. घाऊक बिल दाखवा म्हणून उद्या दुपारी जाते.