‘बीच’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? किनारा, पुळण, वेळ, चौपाटी…

शब्दखुंटी
कोकणातल्या समुद्राबद्दलचा एक इंग्रजी अहवाल मराठीत आणतेय. चाळीसेक पानं आहेत. बीच, शोअर आणि कोस्ट या तिन्हींना माझ्याकडे ‘किनारा’ एवढा एकच शब्द निघतो. एका वाक्यात तिन्ही एकदम आले आणि माझं मराठी असं झालं: ‘या किनाऱ्यावरील किनारा अरुंद असून किनारा खडकाळ आहे.’ हसू नका, तोडगा सांगा.

आणखी अडलेल्या जागा:
१. ‘पुळण’ हा शब्द कोशात सापडला. आज वापरला तर कळेल का, की फार पुस्तकी वाटेल?
२. जहाज किंवा होडी ‘बीच करणे’ याला क्रियापद कोणतं?
३. ‘चौपाटी’ सरसकट चालेल का?
४. शेवटी पर्यटकांसाठी फलकाचा मजकूर आहे. त्यात ‘किनाऱ्यावर ओहोटीदरम्यान पोहणे टाळावे’ असं लिहिलंय. खटकतंय, पण काय खटकतंय ते सापडत नाही.

सुकतीभरती
कोस्ट म्हणजे किनारपट्टी, शोअर म्हणजे किनारा, बीच म्हणजे पुळण. तुमचं वाक्य: ‘या किनारपट्टीवर पुळणी अरुंद आहेत आणि बाकी किनारा खडकाळ आहे.’ ‘बाकी’ मुद्दाम घातलाय. जिथे पुळण आहे तिथे किनारा खडकाळ नसणार, हे इंग्रजी वाक्यात गृहीत धरलेलं असतं, मराठीत सांगावं लागतं.

किनारा ही पाणी आणि जमीन यांच्यामधली कड. ती खडकाची, चिखलाची, वाळूची, अगदी सिमेंटच्या भिंतीचीही असू शकते. पुळण म्हणजे लाटांनी आणून टाकलेल्या वाळूचा साठा. त्याला रुंदी असते, जाडी असते, तो पावसाळ्यात झिजतो आणि हिवाळ्यात पुन्हा भरतो. किनारा नकाशावर रेघ मारून दाखवता येतो, पुळण घमेल्यात भरता येते.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. तुमच्या अहवालात धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांचं प्रकरण असेलच. समुद्राकडून दगडांची भिंत घातली की तिच्यामागची जमीन, नारळी, घरं राहतात. पण लाट भिंतीवर आपटून परत फिरते तेव्हा पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि मागच्या वाळूच्या टेकडीतली वाळू भिंतीमुळे खाली उतरू शकत नाही. काही वर्षांत भरतीचं पाणी थेट भिंतीला लागतं. म्हणजे किनारा वाचला, पुळण गेली. दोन्हीला ‘किनारा’ म्हटलंत तर ‘किनारा वाचवण्यासाठी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे किनारा नष्ट झाला’ असं होईल आणि वाचणारा पान उलटेल.

‘पुळण’ पुस्तकी वाटेल म्हणता, पण राज्याच्या शालेय भूगोलात हाच शब्द आहे. समुद्राच्या संचयन कार्यात पुळण, वाळूचा दांडा, खाजण अशी भूरूपं मुलं शिकतात. आणि गणपतीपुळ्याला जाऊन आलेले लाखो लोक हा शब्द नकळत बोलतातच, कारण त्यातलं ‘पुळे’ पुळणीवरूनच आल्याचं सांगतात. मूळ संस्कृत ‘पुलिन’.

खाजणावरून एक सावधगिरी. पाठ्यपुस्तकात खाजण म्हणजे वाळूच्या दांड्यामागे अडकलेलं खारं पाणी. कोकणात आणि गोव्यात मात्र खाजण म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली सखल खारट जमीन, जिच्यात भात लावतात, मासे धरतात आणि बांधातल्या झडपेच्या दारातून पाणी आत-बाहेर करतात. अहवालात यापैकी कोणतं आहे ते पाहूनच शब्द टाका.

चारपाट
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: अजिबात नाही.

चौपाटी हे आधी गिरगावातल्या एका जागेचं नाव. ‘चौ’ आणि ‘पाट’, म्हणजे पाण्याचे चार पाट, अशी त्याची व्युत्पत्ती देतात. तिथून ते जुहू, दादर असं पसरलं आणि ‘शहरातली, संध्याकाळी गर्दी होणारी, भेळ मिळणारी वाळू’ असा अर्थ झाला. पुढे वाळूही सुटली: कोल्हापुरात रंकाळा चौपाटी, नागपुरात फुटाळा चौपाटी, दोन्ही तलावांच्या काठी. मग पाणीही सुटलं. पुण्यात सारसबागेची चौपाटी म्हणजे पावभाजी-भेळेच्या गाड्यांची ओळ. (तिथे एके काळी तळं होतं, तळ्यातला गणपती म्हणतात तो म्हणूनच, पण चौपाटी म्हणताना ते कोणाच्या डोक्यात नसतं.) आज मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी ‘चौपाटीवर भेटू’ म्हटलं तर माणूस पाणीपुरीच्या गाड्यापाशी उभा राहील.

म्हणून निर्जन, कासवं अंडी घालतात त्या वाळूला चौपाटी म्हणू नका. वाचणारा लगेच गाड्या शोधायला लागतो.

दर्यादेग
वर ‘वेळ’ राहून गेला. कोकणीत बीचला आजही रोजच्या बोलण्यात वेळ म्हणतात. ‘कळंगुटचे वेळेर’ म्हणजे कळंगुटच्या पुळणीवर. किनाऱ्याला दर्यादेग असाही शब्द आहे. संस्कृत ‘वेला’चे अर्थ मर्यादा, किनारा आणि काळ असे सगळेच. मराठीने काळाचा अर्थ ठेवला आणि किनाऱ्याचा गावांच्या नावांत सोडून दिला: शिरोड्याजवळचं वेळागर बघा. वेळणेश्वरला ‘नवसाला पावायला वेळ न लावणारा ईश्वर’ अशी फोड करून सांगतात. गोड आहे, पण गाव समुद्राच्या वेळेवर वसलंय हे डोळ्यांना दिसतं.

तुमच्या अहवालात वाळूवर पसरणाऱ्या, जांभळ्या फुलांच्या, आपट्यासारख्या दुभंग पानांच्या वेलीचा उल्लेख येईल. तिला मराठीत मर्यादावेल म्हणतात, शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्री. नेहमीची भरती जिथे थांबते त्याच्या जरा वर ती सुरू होते. पुळणीची वरची हद्द दाखवायला ‘मर्यादावेलीपर्यंत’ इतकं लिहिलंत तरी कोकणातल्या माणसाला बरोबर जागा कळेल. सुरूच्या बनावरून हद्द ठरवू नका, सुरूची झाडं माणसांनी लावलेली असतात.

शब्दखुंटी
हे सगळं सोनं आहे. पण पंढरपूरचं वाळवंट? तेही बीचच ना?

चारपाट
अर्थाने हो. चंद्रभागेचं वाळवंट म्हणजे नदीपात्रातली वाळूची मोकळी जागा, वारकरी अजून त्याच अर्थाने म्हणतात. बाकी सगळ्यांसाठी वाळवंट म्हणजे राजस्थान. समुद्राला लावू नका. नदीच्या वाळूला वाळवंट, तळ्याला काठ, समुद्राला पुळण. आणि ‘किनार’ वेगळी, ती साडीची.

नाळवरचा
क्रियापदाचं सांगतो, तिथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. कोण, कशाला आणि मुद्दाम की चुकून, यावर शब्द बदलतो.

होडी रोजच्या कामानंतर वर *ओढतात* किंवा वर *घेतात*. पावसाळ्याआधी ती भरतीरेषेच्या बऱ्याच वर नेऊन, खाली ओंडके देऊन, झापांनी किंवा ताडपत्रीने झाकतात त्याला *शाकारणे* म्हणतात. राज्यात यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यामुळे मेअखेरीच्या बातम्यांत ‘नौका शाकारल्या’ हा शब्द दरवर्षी दिसतो.

जहाज चुकून वाळूत किंवा चिखलात बसलं तर ते *रुतलं*, दगडावर गेलं तर खडकावर *चढलं*. ‘जहाज किनाऱ्याला लागलं’ असं लिहू नका. जहाजाच्या बाबतीत त्याचा अर्थ सुखरूप पोचलं असा होतो, आणि वाक्प्रचारात तर काम फत्ते झालं असा. २०११ च्या पावसाळ्यात जुहूला आधी ‘विस्डम’ आणि मग ‘पवित’ अशी दोन जहाजं वाळूत बसली, २०२० मध्ये निसर्ग वादळात रत्नागिरीजवळ मिऱ्याला ‘बसरा स्टार’ बसलं. ही सगळी रुतलेली. गंमत म्हणजे देवमासा, ओंडका किंवा प्रेत मात्र किनाऱ्याला *लागतं* हेच बरोबर. ज्याला सुकाणू नाही त्याला ‘लागणं’ शोभतं.

आणि मुद्दाम केलेलं म्हणजे गुजरातेत अलंगला तोडण्यासाठी आणतात ते. तिथे *चढवणे* म्हणा. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतलं अंतर प्रचंड आहे, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनाने जोरात उथळ किनाऱ्यावर घालतात. पाणी उतरलं की ते कोरड्यात उभं राहतं आणि कापायला घेता येतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हेच केलं तर पाणी पुरेसं वर चढत नाही आणि जहाज अलीकडेच अडकतं.

अहवालात पुळणीच्या वापराची यादी असेल तर दोन शब्द इंग्रजीतून उलटवू नका. *रापण*: जाळ्याचं एक टोक पुळणीवर ठेवून होडी अर्धगोल फिरून दुसरं टोक परत वाळूवर आणते आणि दोन्हीकडून माणसं दोर ओढतात. मधे एक दगड असला तरी जाळं अडकून फाटतं, म्हणून रापणीला सलग, मोकळी पुळण लागते. आणि *वलांडी*: वसई, उत्तन, वर्सोव्याकडे बोंबील सुकवायच्या बांबूच्या मांडवाला म्हणतात. ‘सुकवण्याची चौकट’ वगैरे लिहू नका.

सुकतीभरती
आता फलक. खटकतंय ते असं की किनाऱ्यावर कोणी पोहत नाही, पाण्यात पोहतात. शिवाय ‘टाळावे’ म्हणजे सल्ला झाला. असं करा:

‘ओहोटी लागली की पाण्यात उतरू नका.
पाणी आत ओढू लागलं तर सरळ किनाऱ्याकडे पोहू नका.
किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत जा. ओढ संपली की बाहेर या.
दम लागला तर तरंगत राहा आणि हात वर करा.’

इथे ‘किनारा’च हवा, कारण दिशा सांगायची आहे. पुळणीला समांतर म्हटलं तर माणूस विचार करत बसेल. ओढीचा पट्टा बहुतेक वेळा अरुंद असतो. त्याच्या विरुद्ध पोहणारा थकून बुडतो, बाजूला सरकणारा सुटतो.

फलकावर भरतीची वेळ रंगवून ठेवू नका. ती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. जुना हिशेब द्या: तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा, जे येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, घड्याळात तो आकडा दिवसातून दोनदा येतो त्या दोन्ही वेळा. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा आडाखा मुंबईकडचा आहे. खाली दक्षिणेला भरती जरा आधी येते, म्हणून तळकोकणात छापील तक्त्याशी ताडून घ्या.

सीआरझेडचा, म्हणजे किनारी भागातल्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या नियमांचा भाग असेल तर तिथे ‘पुळण’ वापरू नका, अधिसूचनेचे शब्दच ठेवा. ५०० मीटर मोजतात ते उच्चतम भरती रेषेपासून जमिनीकडे. ती रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्यामधली ओली वाळू २०१९ च्या अधिसूचनेत एक-ब मध्ये येते, वरच्या वाळूच्या टेकड्या एक-अ मध्ये. दोन्हीला मिळून पुळण म्हटलंत तर कायद्याचं वाक्य चुकेल.

शब्दखुंटी
फलक जसाच्या तसा घेतला. प्रकरण तीनचं शीर्षक आता ‘पुळणांची धूप’ केलंय.

दर्यादेग
‘पुळणींची’. ती पुळण, पुळणीवर, अनेकवचन पुळणी. पुढे कुठे ‘पुळणावर’ झालंय का तेही शोधा.