बंदुकीच्या स्कोपमधला (नेम धरायच्या दुर्बिणीतला) ट्रिटियम मंदावलाय, नळी बदलून मिळते का?

वर्धारोड_३०८:
ट्रिजिकॉन एसीओजी, टीए-०१, ४×३२. वय २० वर्षं, लेबलवर एच-३ (म्हणजे ट्रिटियम), १०० मिलिक्युरी. दिवसा काळी क्रॉसहेअर (नेमाची फुली) एकदम स्वच्छ, रात्री मात्र लाल उजेड जेमतेम. सीताबर्डीतला एक दुरुस्तीवाला म्हणतो, "उघडून नवीन रेडियम भरून देतो." द्यावा का? आणि काम करताना नळी फुटली तर धोका किती?

काचवाला:
देऊ नका भाऊ. आपल्याकडे चमकणाऱ्या सगळ्याच वस्तूंना रेडियम म्हणतात, पण तुमच्या स्कोपात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन वायू आहे. बंद काचेच्या नळीत, आतून फॉस्फरचा, म्हणजे चमकणाऱ्या भुकटीचा लेप. तो "भरता" येत नाही, अख्खी नळीच बदलावी लागते.

मंदावणं हा बिघाड नाही. ट्रिटियमचं अर्धायुष्य (निम्मा व्हायला लागणारा काळ) १२.३ वर्षं, म्हणजे २० वर्षांनी सुमारे ३२ टक्के उरतो. फॉस्फरही झिजतो, त्यामुळे उजेड त्याहून कमी दिसतो. नागपूरच्या उन्हाचा अर्धायुष्यावर काहीही परिणाम नाही. पण मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर सील आणि गोंद नक्की खराब होतील.

स्कोप आतून कोरड्या नायट्रोजनने भरलेला असतो. साध्या टेबलावर उघडला की पावसाळ्यात आतून धुकं धरणार. नळी चिकटवलेली असते, टोकदार अवजाराने उचकटली की तडकते. नळी फुटायची भीती इथेच.

वर्धारोड_३०८:
पण टॉर्च मारला की पाच मिनिटं मस्त उजळतो. मग ट्रिटियम शिल्लक आहे ना?

काचवाला:
त्यावरून काहीच ठरत नाही. टॉर्चने फॉस्फर तात्पुरता चमकतो, नळी रिकामी असली तरी. रात्रभर कपाटात अंधारात ठेवा. मग अंधाऱ्या खोलीत डोळे २० मिनिटं सरावू द्या आणि टॉर्च न लावता बघा. वर्षानुवर्षं हळूहळू मंद होत आला असेल तर वय झालंय. काल होता आणि आज पार काळा, असं झालं तर नळी फुटली असं धरून चाला. साध्या गायगर काउंटरवर (किरणोत्सार मोजायच्या यंत्रावर) विसंबू नका, ट्रिटियममधून निघणारे बीटा कण (वेगवान इलेक्ट्रॉन) काचेबाहेर येतच नाहीत.

मात्रा_मोजणारी:
धोक्याचं सांगते. बीटा कणांची ऊर्जा जास्तीत जास्त १८.६ केईव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट), म्हणजे फार कमी. हवेत ते सुमारे ६ मिलिमीटर जातात, त्वचेचा वरचा मृत थरही ओलांडत नाहीत. म्हणून अखंड नळी निर्धोक. प्रश्न फक्त पोटात किंवा छातीत जाण्याचा.

तुमच्या नळीतल्या १०० मिलिक्युरींपैकी, म्हणजे ३.७ गिगाबेक्वेरेलपैकी, आता सुमारे १.२ गिगाबेक्वेरेल उरलंय. ते सगळं वायूच्याच रूपात छातीत गेलं, जे प्रत्यक्षात होत नाही, तरी शरीराला बसणारी किरणोत्साराची मात्रा साधारण २ मायक्रोसिव्हर्ट. पण तेवढंच ट्रिटियमयुक्त पाणी होऊन शरीरात गेलं तर सुमारे २० मिलिसिव्हर्ट, म्हणजे सर्वसामान्यांसाठीच्या १ मिलिसिव्हर्ट वार्षिक मर्यादेच्या वीसपट. हा दहा हजारपट फरक लक्षात ठेवा. ट्रिटियम जळला की पाणीच होतं, म्हणून नळीला आग किंवा सोल्डरिंगचा गन कधीच लावू नका.

फुटलीच तर श्वास रोखून आधी खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, निदान अर्धा तास आत जाऊ नका. नंतर हातमोजे घालून ओल्या कागदाने तुकडे गोळा करा, झाडू किंवा व्हॅक्यूम नको. कागद, मोजे, तुकडे सगळं दुहेरी झिप पिशवीत. हात साबणाने धुवा आणि मगच काही खा. पुढचे काही दिवस पाणी भरपूर प्या, शरीरातला ट्रिटियम साधारण १० दिवसांत निम्मा होतो आणि मुख्यतः लघवीवाटे जातो.

काचवाला:
बदलीचा योग्य मार्ग उत्पादकाचाच. पण कुरिअरवाल्याला "दुर्बीण आहे" सांगून पाठवू नका. हा यूएन २९११ प्रकारचा किरणोत्सारी माल आहे, त्याला रीतसर कागद लागतात. आधी मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेला मॉडेल, लेबलवरचा आकडा आणि वर्ष लिहून विचारा. टाकून द्यायचा असला तरी त्यांनाच विचारा. मनपाच्या कचरागाडीत मुळीच नाही, भांडेवाडीच्या कचरा डेपोत आग लागली तर वर सांगितलंय तेच होणार.

खरं सांगायचं तर टीए-०१ ची काळी क्रॉसहेअर ट्रिटियमशिवायही तितकीच कामाची आहे. रात्रीसाठी बॅटरीवर चालणारा एलईडी स्कोप वेगळा घ्या, हा आहे तसाच बंद राहू द्या.