अनुभव धागा : अचेबेंचं कासव मराठीत आणताना

उंबरठा : कुणीतरी विचारलं, नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांची कादंबरी 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) मराठीत सांगताना म्हणी आणि कासवाची गोष्ट गाळली तर चालेल का? तेव्हापासून ते कासव डोक्यातून जात नाही. अजिबात गाळू नये!

अकरावं प्रकरण. पक्षी एकेक पीस देतात, कासवाचे दोन पंख होतात, आकाशातल्या मेजवानीसाठी ते नवं नाव घेतं, 'तुम्ही सगळे'. तिथे ते विचारतं, हे जेवण कोणासाठी? मराठीत उत्तर येतं 'तुम्हा सगळ्यांसाठी', आणि विभक्तीने घात होतो. नावाचं रूप बदललं की ऐकणाऱ्या पोरांना मेख, म्हणजे नावाच्या जोरावर सगळं जेवण कासवाचंच होतं ही, कळत नाही. म्हणून प्रश्न फिरवा : 'आजचे पाहुणे कोण?' 'तुम्ही सगळे!' नाव जसंच्या तसं राहतं, पोरं तिथल्या तिथे ओरडतात.

तुम्हाला काय अडलं, काय जमलं, लिहा.

साळुंकी : पोपटाचा निरोप!! चिडलेले पक्षी पिसं परत घेतात, कासवाला आकाशातून उडी मारायची असते, म्हणून ते घरी निरोप धाडतं. कासव सांगतं घरातल्या मऊ वस्तू अंगणात काढ, पोपट बायकोला सांगतो कठीण वस्तू काढ. कुदळी, कोयते, भाले, बंदुका, मग तोफ. हाच क्रम ठेवा. तोफ आधी आली की पुढची यादी पडते.

दगडी_पाटी : म्हणींचं सांगतो. नुसता अर्थ लावून भागत नाही, कोण कोणाला कशासाठी म्हणतोय ते बघावं लागतं. पहिल्या प्रकरणात ओकोये उनोकाकडे दोनशे कवड्यांची (तिकडचं चलन) उधारी मागायला येतो. आधी पाहुणचाराचं कोला फळ फोडतात, मग तो पाच-सहा वाक्यं नुसत्या म्हणींत बोलतो, आणि अचेबे त्यातली एकही म्हण देत नाहीत. अनुवाद करताना इथे स्वतःच्या म्हणी भराव्याशा वाटतात. भरू नका, ते मोकळं ठेवलंय ते मुद्दाम. कारण लगेच उनोका भिंतीवरच्या खडूच्या रेघा दाखवतो, एक रेघ म्हणजे शंभर कवड्या, आणि म्हणतो : ऊन उभ्या असलेल्यांवर आधी पडतं, त्यांच्याखाली गुडघे टेकलेल्यांवर नंतर, म्हणून मोठी देणी आधी. पैसे बुडवायला त्याने वाडवडिलांचं शहाणपण पुढे केलं. तिथे 'बळी तो कान पिळी' घातलंत की उनोका मेला.

ताकभात : पामतेल लिहू नका प्लीज. शब्द ज्याच्यासोबत खायचे ते तेल म्हणजे म्हणी, असं ते वाक्य आहे. आपल्याकडे पामतेल म्हणजे रेशनचं, ना चव ना वास. तिकडचं लालभडक, दाट. 'तांबडं तेल' लिहा.

रानवाटा : +१. आणि याम, म्हणजे तिकडचा मुख्य कंद, त्याला रताळं नको, कोनफळ चालेल. बटाटा तर नकोच नको.

ताकभात : कोनफळाचं फुफू (उकडून कुटलेल्या कंदाचा गोळा) होतं का हो? नव्या यामच्या सणात फुफूचा तो ढीग आहे ना, एवढा उंच की पलीकडे बसलेला सोयरा संध्याकाळी दिसतो.

रानवाटा : होतं, पण सैल. फुफूसाठी तिकडचा पांढरा याम चांगला, आपल्या कोनफळात पाणी जास्त. सोलताना हाताला तेल लावा, खाज येते. उकडून गरम असतानाच उखळात कुटायचं, गार झालं की गुठळ्या राहतात. उकडलेलं पाणी लागेल तसं चमचा-चमचाच घाला.

उंबरठा : वा, करून बघते. @दगडी_पाटी, रेघांचं फार मोलाचं सांगितलंत. कासवाची गोष्ट आईकडून ऐकणाऱ्या एझिन्माबद्दल कुणीच लिहिलं नाही?

माजघर : मी लिहिते, कुकर लावलाय. गोष्ट संपल्यावर ती आईला, एक्वेफीला म्हणते, या गोष्टीत गाणंच नाही. एक्वेफी कबूल करते. मग पोरगी स्वतः सांगायला लागते, कासव आणि मांजर यामशी कुस्ती खेळायला गेले... आणि थांबते, छे, सुरुवात ही नव्हे. पुन्हा पहिल्यापासून, दुष्काळापासून. ती अडखळ अनुवादात गुळगुळीत करू नका. सांगायला शिकणारं पोर असंच सांगतं. शिवाय तिची गोष्ट पुरी होत नाही, बाहेरून चिएलो या देवीच्या पुजारणीची हाक येते. वाचताना तिथे वाक्य अर्ध्यावर तोडा, आवाज उतरवू नका.

ताकभात : मग दुष्काळात मांजर एवढं गुबगुबीत कसं, ते राहूनच जातं ना?

माजघर : हो, राहतंच. पोरं विचारतात, तरी सांगायचं नाही. शिट्टी झाली, आले.